इंका वाटेवर निघण्याआधी मावशीचं ऐक

परमिट हातात पडलं म्हणालीस, म्हणजे सगळ्यात अडचणीचं काम मार्गी लागलं. पेरूतल्या माचू पिच्चूला जाणाऱ्या इंका वाटेवर दिवसाला 500 माणसांनाच सोडतात, आणि त्यात गाइड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे धरलेले. आपल्यासारख्या हौशी लोकांच्या वाट्याला त्यातल्या सुमारे 200 जागा येतात. मे ते ऑगस्टच्या तारखा कितीतरी महिने आधी संपतात आणि फेब्रुवारीत डागडुजीसाठी वाट बंदच असते. परमिटवर तुझा पासपोर्ट नंबर आहे, तोच पासपोर्ट नाक्यावर बघतात. मध्येच नूतनीकरण झालं तर एजंटला आत्ताच कळव आणि जुना-नवा दोन्ही बरोबर ठेव. ते परमिट दुसऱ्याच्या नावावर होत नाही, तेव्हा तुझ्या मैत्रिणीचं ऐनवेळी रद्द झालं तर तिची जागा कुणाला देता येणार नाही.

कागदांचं आधी उरकते, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल. यलो फीव्हरची लस घे. माचू पिच्चूच्या उंचीवर तो ताप पसरवणाऱ्या डासाचा त्रास नाही, पण पेरूहून परतणाऱ्याकडे भारतात शिरताना लसीचं पिवळं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि कार्ड टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. सासूबाई बरोबर येणार असतील तर साठीच्या पुढच्यांनी ही लस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घ्यायची नाही. अमेरिकेमार्गे विमान असेल तर नुसतं विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढायच्या आधी बघ. स्वस्त तिकिटाला भुलून लोक तिथे अडकतात.

आता मुख्य गोष्ट. मी जे काही सांगणार आहे ते एवढ्यासाठी, की त्या चार दिवसांत तुझ्या अंगात बघण्याइतकं त्राण उरावं. दमलेला माणूस पुढच्या पायरीपलीकडे काही बघत नाही. वाटेत इंकांची जी चार-पाच जुनी ठाणी लागतात, तिथे निम्मे लोक सॅकवर डोकं टेकून पडलेले असतात, गाइड भिंतींबद्दल बोलत असतो आणि ते पाण्याची बाटली शोधत असतात. मग चौथ्या दिवशी माचू पिच्चूत फोटो काढायचे आणि यायचं. तेवढ्यासाठी कशाला चालायचं? आगगाडी आणि बस थेट दारापर्यंत नेतात.

कुस्को साधारण 3400 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1646. म्हणजे विमानातून उतरतेस तीच दोन कळसूबाईंच्या वर. लेहला गेली होतीस तेव्हा पहिल्या रात्री डोकं धरून बसली होतीस, आठवतंय ना? तीच उंची. म्हणून उतरल्या उतरल्या कुस्कोत राहू नकोस, टॅक्सी करून सरळ उरुबांबाच्या खोऱ्यात जा. तिथलं ओयांतायतांबो गाव 2800 मीटरच्या आसपास आहे. पहिल्या दोन रात्री तिथे काढ आणि मग कुस्को कर. ओयांतायतांबोत गल्ल्या अजून इंकांच्या आखणीच्या आहेत, दाराशी पाण्याचे पाट वाहतात, आणि डोंगरावरचे बांध बघताना दोन दिवस सहज जातात. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरला विचार. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांग. तिथे हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, खुशाल पी, पोटाला बरा वाटतो. पण चहा प्यायले म्हणून उंची कमी होत नाही. डोकं दुखणं, भूक मरणं चालायचंच. उलट्या थांबेनात, बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला, तर मोठेपणा न करता गाइडला सांगायचं आणि खाली उतरायचं. आपल्याकडच्या ट्रेकरला इथेच खोड असते. सह्याद्री पालथा घातलेला असतो ना, मग "मला काही होत नाही" हे तोंडात बसलेलं असतं. सह्याद्रीत पाय कमावता येतात, तिथल्या उंचीची सवय मात्र तिथे गेल्यावरच होते.

पाय मात्र इथूनच कमावून जा. चढायचा सराव सगळे करतात, तू उतरायचा कर. इंकांकडे घोडे नव्हते, चाकाची गाडी नव्हती. त्यांचे रस्ते माणसांच्या आणि लामांच्या पायांसाठी बांधलेले, त्यामुळे जिथे आपण वळणं घेत घाट काढला असता तिथे त्यांनी सरळ पायऱ्या घातल्या. त्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, तिसरी अशी अरुंद की पाऊल आडवं टाकावं लागतं. पावसात आणि धुक्यात त्या गुळगुळीत होतात. रायगडाच्या पायऱ्या चढून-उतरून बघ, रोपवेकडे बघायचंसुद्धा नाही. मधल्या वारी पर्वती किंवा आपल्याच इमारतीचा जिना, पाठीवर पाच किलो घेऊन. उतरताना गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, टाच आपटायची नाही. दोन काठ्या घे, त्यांच्या टोकांना रबरी टोप्या हव्यात. उघड्या लोखंडी टोकाच्या काठ्या त्या वाटेवर चालत नाहीत, कारण पाचशे-सहाशे वर्षांचा दगड त्यांनी खरवडला जातो. टोपी चिखलात निसटते, म्हणून एक जोडी जास्तीची.

सॅक भरताना माझी आठवण ठेव. मोठी बॅग पोर्टर नेतात, पण तुझ्या सामानाला साधारण सात किलोच मिळतात, आणि त्यात झोपायची पिशवी आणि गादीसुद्धा मोजतात. म्हणजे कपड्यांना उरले चारेक किलो. चालायचे दोन जोड, रात्रीचा एक कोरडा जोड जो दिवसा अंगाला लावायचाच नाही, थर्मल, लोकरीची टोपी, हेडलॅम्प, सॅकसकट अंगावर येईल असा पाँचो. जून-जुलैत आभाळ निरभ्र असतं, पण रात्री पाणी गोठायच्या बेताला येतं. सगळे कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून मग बॅगेत. एकदा वापरून फेकायच्या बाटल्या नेऊ नकोस, घरातलीच स्टीलची बाटली ने; संध्याकाळी उकळलेलं पाणी भरून मिळतं, आणि तीच बाटली मोज्यात घालून पायाशी घेतली की झोप लागते.

आणि एक बायकांचं. उंचीवर पाळी पुढेमागे होते, तारखेवर विसंबू नकोस. लागणारं सगळं बरोबर ठेव, आणि वापरलेलं झिपच्या पिशवीत घालून परत आण, तिथे कुठे टाकायची सोय नाही. संडास मुक्कामाच्या जागी आहेत, उकिडवं बसायचे. त्यावरून परदेशी पोरीबाळींची फार कुरकुर चालते, आपल्याला त्याचं काही वाटायचं कारण नाही. कागद आणि साबण मात्र आपला.

पोर्टरांबद्दल जरा लांबवून सांगते. या वाटेवर खेचरांवर सामान लादून नेता येत नाही. तंबू, शेगडी, गॅस, टेबल-खुर्च्या, अंडी, सगळं माणसाच्या पाठीवरून जातं. पूर्वी ही माणसं किती वजन उचलायची याला धरबंद नव्हता. आता कायद्याने पुरुषाला 20 किलो आणि बाईला 15 किलोची मर्यादा आहे आणि नाक्यावर काटा लावून वजन करतात. मी म्हणते, निघायच्या आधी कंपनीला तीन प्रश्न विचार: पोर्टर रात्री कुठे झोपतात, त्यांना जेवण आपल्यातलंच असतं का, आणि मजुरी किती देता? उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडू नकोस. स्वस्त पॅकेजमध्ये कात्री नेमकी तिथेच लागते, तुझ्या ताटातल्या केकला नाही.

ते मागून पळत येतात. टायरच्या चपला घातलेला माणूस तुझ्याहून तिप्पट ओझं घेऊन पायऱ्या उड्या मारत उतरतो, तेव्हा त्याला वाट द्यायची, पण कुठल्या बाजूला उभं राहून? डोंगराच्या बाजूला. दरीकडच्या बाजूला कधीही नाही. त्याच्या ओझ्याचा कोपरा तुझ्या सॅकला लागला तर तू खाली जाशील. कानावर हाळी आली की आधी डोंगराला पाठ लाव, मग मागे वळून बघ. मुक्कामाला पोचलीस की "सुल्पायकी" म्हण, केचुआमध्ये आभार असेच मानतात. स्पॅनिश त्यांच्यातल्या कित्येकांची घरची भाषा नाही, आणि केचुआचा एक शब्द ऐकून चेहरा कसा खुलतो ते बघशील. बक्षिशी सगळ्या गटाने मिळून काढा, सुट्ट्या सोल नोटांत, आणि तिसऱ्या संध्याकाळी ज्याच्या त्याच्या हातात द्या. चौथ्या दिवशी देऊ म्हणालात तर कुणी सापडणार नाही. तुम्ही पहाटे निघालात की ते तंबू गुंडाळून आगगाडी धरायला खाली पळालेले असतात.

आता वाट. रेल्वेच्या 82व्या किलोमीटरवर पिस्काकुचोला सुरुवात होते. तिथून माचू पिच्चूपर्यंत सुमारे 42 किलोमीटर. पहिला दिवस सोपा म्हणून सगळे उधळतात. तू मागे राहा. वरून पातायाक्ता दिसतं, नदीच्या वळणावर बांधांच्या पायऱ्याच पायऱ्या. इथे मका पिकवायचे. आपण किल्ल्यावर गेलो की आधी टाकी शोधतो की नाही, पाणी कुठे, धान्य कुठे? तसंच इथे कर. बांध बघितलेस की पुढची सगळी ठाणी उलगडत जातात, कारण माणसं होती म्हणजे त्यांना खायला घालणारी शेतं कुठेतरी असणारच.

दुसरा दिवस वार्मिवान्युस्काचा. खिंड 4215 मीटरवर, म्हणजे मुक्कामाच्या वायाबांबापासून जवळजवळ 1200 मीटर चढ. इथे एकच गोष्ट पाळायची: ज्या गतीने शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल त्याच गतीने चालायचं. वाक्य तुटलं की पाय हळू कर. थांबून थांबून पळण्यापेक्षा गोगलगायीसारखं न थांबता गेलेलं बरं. वर पोचल्यावर वारा झोंबतो, जाकीट पोचायच्या आधी घाल, पोचल्यावर नाही, घाम तिथे बर्फासारखा लागतो. वर फार बसू नकोस. पाकायमायोला उतर आणि झोप.

तिसरा दिवस, गं, खरा. लोक खिंड संपली म्हणून दुसऱ्या रात्री ट्रेक संपल्यासारखे सैल पडतात, आणि तिसऱ्या दिवशी नुसती पायपीट करतात. तू उलट कर, दुसऱ्या दिवशी जपून वापरलेली सगळी ताकद इथे खर्च कर. रुंकुराकाय हे गोल बांधणीचं ठाणं दुसऱ्या खिंडीच्या वाटेवर आहे. पुढे सायाकमार्का, तिथे जायला मुख्य वाट सोडून अरुंद जिना चढावा लागतो. पाय दुखणारे खालूनच हात हलवतात. चढ. तीन बाजूंनी कडा आहे. त्यापुढची फरसबंदी बघ: दलदलीवर भर घालून उचललेला रस्ता, कुठे कातळ फोडून काढलेलं भुयार. युनेस्कोने 2014 मध्ये अँडीजमधल्या इंका रस्त्यांच्या जाळ्यातले निवडक तुकडे वारशात घेतले, आणि तू त्याच जाळ्यातल्या एका वाटेवर चालत असशील. फुयुपातामार्काला ढग पायाखाली असतात आणि एकाखाली एक पाण्याची कुंडं. तिथून उतरण सुरू होते, गुडघ्यांची खरी परीक्षा, जवळजवळ हजार मीटर खाली. काठ्या तिथे काढ. शेवटी विन्याय वायना. तंबूत सॅक टाकून चहाच्या आधी तिकडे जा, काळोख पडला की गेलं. डोंगराच्या कुशीत वळत गेलेले बांध आणि त्यातून उतरणारी कुंडांची माळ. तिथे त्या वेळी मोजकी माणसं असतात. माझं मत विचारशील तर सबंध वाटेवर यापेक्षा देखणी जागा नाही, माचू पिच्चू धरून.

खाण्याची चिंता करू नकोस. स्वयंपाकी शाकाहारी करतात, पण सूप बरेचदा कोंबडीच्या पाण्यात शिजतं, आणि "मांस नाही" म्हटलं की मासा आणि चिकन त्यात बसत नाही असा पुष्कळांचा समज असतो. म्हणून कंपनीला लेखी कळव आणि पहिल्या रात्री स्वयंपाक्यासमोर एकेक नाव घेऊन सांग: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो. बटाटे तर किती परींचे! आपल्या उपासाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, सगळे मूळचे त्या खंडातले, त्यामुळे एकादशी आली तरी उपाशी राहणार नाहीस. कुस्कोच्या बाजारात किविचा माग, तो आपला राजगिराच. त्याच्या वड्या घेऊन ठेव. घरून मेतकूट आणि थोडं लिंबाचं लोणचं ने. उंचीवर जिभेची चव जाते, तेव्हा भाताशी तेवढं पुरतं. लोणच्याची पिशवी तिहेरी बांध.

चौथ्या पहाटे तीन-साडेतीनला उठवतात आणि नाक्यावर रांगेत बसवतात. फाटक साडेपाचला उघडतं. उघडलं की सगळे इंतिपुंकूकडे, म्हणजे सूर्यद्वाराकडे, धावत सुटतात. धावू नकोस. एका अंगाला दरी आहे, पायऱ्या ओल्या आहेत, आणि पोचल्यावर बरेचदा धुकंच असतं. धावून आलेले फोटो न मिळाल्यामुळे चिडून पुढे जातात. तू अर्धा तास दगडावर बस, राजगिऱ्याची वडी खा, धुकं सरकतं.

माचू पिच्चूत संडास आत नाही, फाटकाबाहेर आहे, आणि फिरायचे मार्ग ठरलेले आहेत, मागे वळू देत नाहीत. तेव्हा आधी उरकून घे. आत खाऊ देत नाहीत. पूर्ण बाह्यांचं घाल, बारीक काळ्या माशा चावतात आणि ते आठवडाभर खाजतं. गाइड 1911 मध्ये अमेरिकन संशोधक बिंगहॅमने हे "शोधलं" म्हणेल. ऐकून घे, पण तो आला तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबं राहत होती आणि बांधांवर पीक उभं होतं, हे विसरू नकोस. त्याने येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू अगदी अलीकडे, 2011-12 मध्ये परत आल्या. त्या कुस्कोच्या कासा कोंचा संग्रहालयात आहेत. निघायच्या आधी बघून ठेव, म्हणजे रिकाम्या कोनाड्यांत काय असेल ते डोळ्यांसमोर येईल.

भिंतींचे सांधे सगळेच बघतात, चुन्याचा थेंब नाही वगैरे. तू पाणी बघ. डोंगरातल्या झऱ्यापासून साडेसातशे मीटरचा पाट काढून आणलाय, आणि तो एकाखाली एक 16 कुंडांतून उतरतो. पहिलं कुंड राजाच्या निवासापाशी. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, मुंबईपेक्षा थोडाच कमी. तरी उतारावरची वस्ती घसरली नाही, कारण बांधांच्या पोटात खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर माती असे थर आहेत आणि पाणी आतल्या आत निथळून जातं. पंधराव्या शतकात इंका राजा पाचाकुतीच्या कारागिरांनी केलेलं हे काम जमिनीखाली आहे म्हणून फोटोत येत नाही. गाइडला त्याबद्दल विचार. सोनं आणि परग्रहवासी यांबद्दल विचारणाऱ्यांनी तो कंटाळलेला असतो, निचऱ्याबद्दल कुणी विचारलं की खुलतो.

खाली आग्वास कालिएंतेस गावाला चालत उतरायचा हट्ट नको, बस घे. गुडघे तुझेच आहेत आणि घरी परतून चार मजले चढायचे आहेत. कुस्कोला सामान बांधताना जाकिटाचे खिसेसुद्धा उलटे करून बघ. कोकाचं पान, चहाची पुडी, चघळायच्या गोळ्या, काहीही चुकून राहता कामा नये. आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं, आणि मुंबईच्या कस्टमवाल्याला "डोकेदुखीवर घेतलं होतं" हे पटवायला मी काही विमानतळावर येणार नाही.